नवा संसार आणि डावाचा पैसा

(कुटुंब अभ्यास : नवविवाहितांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी)

घरी वाचण्यासाठी उतारे : तोबीत २:११-१४ व ८:४-२१, लूक १२:१३-२१, प्रेषितांची कृत्ये ५:१-११



लग्नाच्या दिवशी वधू-वर पवित्र शुभवर्तमानावर हात ठेवून वचन देतात. सुखात आणि दुःखात, संपत्तीत आणि दारिद्र्यात, आरोग्यात आणि आजारपणात मरेपर्यंत एकमेकांशी निष्ठेने राहू, असा त्या वचनाचा आशय असतो. 'दारिद्र्य' आणि 'आजारपण' हे शब्द आले की मागे बसलेल्या आया पदराने डोळे पुसतात. 'संपत्ती' या शब्दाला मात्र कोणी डोळे पुसत नाही. आपल्याला वाटते की गरिबी ही परीक्षा आहे आणि पैसा हे बक्षीस आहे. पण ख्रिस्तसभेने दोन्ही शब्द एकाच वचनात घातले आहेत. पैसा येणे हीसुद्धा संसाराची परीक्षाच आहे. त्यातही तो एकदम आला, किंवा एकदम येईल अशी आशा लागली, तर ती परीक्षा फारच कठीण असते.

आजच्या अभ्यासात आपण दोन गोष्टी पाहू. एक जुगार आणि दुसरी अचानक हाती आलेले धन. दोन्ही गोष्टी नव्या संसारावर एकाच जागी घाव घालतात, असे आपल्या लक्षात येईल.

आपल्या भागातील पैशाचे हंगाम

सिरोंच्यात नोकरीचा पगार दरमहा मिळणारी घरे थोडी. बहुतेक घरांत पैसा हंगामाने येतो. कापूस आणि धान विकले की हाती रक्कम येते. पुढे अनेक जण नदी ओलांडून तेलंगणात मिरची तोडणीला जातात आणि मजुरी एकरकमी घेऊन परततात. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, घरी पुडके बांधायचे आणि फळीवर मोजून द्यायचे. काही दिवसांच्या या कष्टातून वर्षाचा मोठा आधार उभा राहतो. काही घरांना जमिनीच्या मोबदल्याची वाट पाहावी लागली आहे. गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. त्याच्या पाण्याने बाधित झालेल्या आपल्या तालुक्यातील शेतकऱ्यांनी भरपाईसाठी वर्षानुवर्षे अर्ज केले, आंदोलने केली. अशी रक्कम मिळते तेव्हा एकदम मिळते.

लग्नाचा हंगामही याच उन्हाळ्यात येतो. म्हणजे ज्या महिन्यात नवा संसार मांडला जातो, त्याच महिन्यात आहेराचे पैसे, मजुरीचे पैसे आणि कधी घरच्यांनी दिलेली रक्कम एका तरुण मुलाच्या खिशात असते. आयुष्यात पहिल्यांदाच एवढा पैसा त्याने एकत्र पाहिलेला असतो.

आणि त्याच हंगामात जुगाराचे अड्डेही भरतात. गावाबाहेर झाडीत कोंबडा बाजार भरतो. कोंबड्यांच्या पायांना लोखंडी काती बांधून त्यांना झुंजवतात आणि भोवती पैसे लागतात. कुठे पत्त्यांचा डाव बसतो. सट्टापट्टीची चिठ्ठी तर चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते. आता त्यात मोबाईलची भर पडली. घरात, खाटेवर पडून, बायको शेजारी असताना पैसे लावता येतात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

या सर्वांविरुद्ध कायदा आहे. मुंबई इलाख्याच्या काळातील १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि प्राण्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. पण कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आतले काम नवरा-बायकोला स्वतः करावे लागते.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

काही भाविक विचारतात, "फादर, पत्ते खेळणे हे पाप आहे का?" कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (१९९२) परिच्छेद २४१३ मध्ये याचे उत्तर आहे. नशिबावर चालणारा खेळ किंवा पैज ही स्वतःहून न्यायाच्या विरुद्ध नसते. मात्र त्यामुळे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजा भागवण्यास लागणारे धन हिरावले जात असेल, तर तो नीतीला मान्य नाही. जुगाराचा नाद माणसाला गुलाम करू शकतो. खेळात लबाडी करणे ही गंभीर बाब आहे, असेही तेथे सांगितले आहे.

म्हणजे ख्रिस्तसभा आधी खेळाकडे पाहत नाही. खेळणाऱ्याच्या घराकडे पाहते. सणाला भावंडे जमली आणि चिंचोके लावून पत्ते खेळली, तर कोणाचे काही बिघडले नाही. पण तेंदूपत्त्याच्या मजुरीतून पाचशे रुपये डावावर लागले, तर ते पाचशे रुपये कोणाचे होते? त्या पुडक्यांतील निम्मी पाने बायकोने बांधली होती. तिला न विचारता लावलेला पैसा तिच्या कष्टाचा पैसा आहे.

हिशोबानेही हा व्यवहार पाहा. सट्टापट्टीत एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि तो आकडा लागला, तर साधारणपणे नव्वद रुपये देतात. ऐकायला गोड वाटते. पण आकडे दहा आहेत. समजा तुम्ही दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. एक आकडा नक्की लागणार, तुम्ही नक्की जिंकणार! तरीही शंभर देऊन नव्वदच परत येतात. जो प्रत्येक वेळी जिंकतो तोही दहा रुपये हरतो, मग बाकीच्यांचे काय? हा धंदा मुंबईत १९६० च्या दशकात वाढला. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर पैजा लागत, पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले आणि त्याला 'मटका' हे नाव पडले. कापूस पिकवणाऱ्याला भाव मिळो न मिळो, पैजेवाल्याचा वाटा तेव्हाही ठरलेला होता आणि आजही आहे.

खोटे कधी सुरू होते?

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. हे कोणा एका घराचे वर्णन नाही, पण अशी घरे आपण पाहिली आहेत.

लग्नाला दीड महिना झाला आहे. आहेराचे पैसे पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. एका रविवारी मित्र बोलावतो, "चल, नुसतं पाहून येऊ." नवरा त्याच्याबरोबर कोंबडा बाजारात जातो. पाचशे रुपये लावतो आणि नशिबाने तीन हजार घेऊन परततो. येताना बायकोसाठी साडी आणतो. ती आनंदाने विचारते, "अहो, एवढे पैसे कुठून आणले?" तो म्हणतो, "जुनी मजुरी बाकी होती, ती मिळाली."

इथे थांबून विचार करू. या घरातून अजून एकही रुपया गेलेला नाही. उलट आला आहे. घरात साडी आली, हसू आले. पण त्या दिवशी या संसारातले पहिले खोटे बोलले गेले आणि ते जिंकल्यावर बोलले गेले. पुढच्या वेळी तो हरला, तेव्हा खोटे बोलण्याची वाट आधीच मळलेली होती. मग पेटीतले आहेराचे पैसे, मग मोबाईलवरचे झटपट कर्ज, मग "दुरुस्तीला देतो" म्हणून सोनाराकडे गहाण गेलेली बायकोची कर्णफुले. तिला कळते तेव्हा ती पैशासाठी जेवढी रडत नाही, तेवढी एका वाक्यासाठी रडते : "मला एकदा तरी सांगायचं होतं."

म्हणून आजचा मुख्य धडा असा : जुगारात पैसा जाण्याआधी नवरा-बायकोमधले खरे बोलणे जाते. पैसा मेहनतीने पुन्हा मिळवता येतो. गेलेला विश्वास परत मिळवणे फार अवघड असते.

आपल्या विदर्भाची एक जुनी कथा आपल्या हिंदू शेजाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. महाभारतातील दमयंती ही विदर्भाच्या राजाची मुलगी. तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, असे मानतात. तीच वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि आपल्या सिरोंच्याजवळ गोदावरीत येते. दमयंतीचा नवरा नळ राजा द्यूत खेळायला बसला. मंत्री विनवणीला आले, दमयंतीने विनवले, पण त्याने मान वर केली नाही. शेवटी तिने मुलांना रथात बसवून माहेरी पाठवले. राज्य गेले, दोघे अंगावरच्या वस्त्रानिशी रानात आले आणि एका रात्री नळ तिला झोपेत सोडून निघून गेला. त्यानेही तिला काही सांगितले नाही. राज्य हरल्यावर ती त्याच्याबरोबर रानात आली होती. ती एकटी पडली, ती तो न सांगता गेल्यामुळे.

तोबीतच्या घरातील पैसा

आता पवित्र शास्त्राकडे वळू. तोबीतचा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. प्रोटेस्टंट शेजाऱ्यांच्या बायबलमध्ये तो सापडणार नाही. विवाहाच्या मिस्सात त्यातील तोबिया आणि सारा यांची प्रार्थना वाचली जाते, तेवढी बहुतेकांना आठवते. पण हा ग्रंथ पहिल्यापासून वाचला, तर तो घरातल्या पैशाबद्दलही किती बोलतो हे पाहून आश्चर्य वाटेल. त्यात तीन वेळा घरात धन येते.

पहिले धन : करडू (२:११-१४). तोबीत आंधळा झाला होता. त्याची पत्नी हन्ना विणकाम करून घर चालवत होती. एकदा मालकांनी मजुरीच्या वर तिला एक करडू भेट दिले. आंधळ्या तोबीतने घरात करडाचा आवाज ऐकला आणि संशय घेतला की हे चोरीचे असेल, परत करून ये. ती सांगत होती की ही भेट आहे. त्याने ऐकले नाही. मग तीही रागावली आणि तुझी दानधर्माची कामे कुठे गेली, असे त्याला टोचून बोलली. एका करडापायी वर्षानुवर्षांच्या संसारात भांडण झाले आणि तोबीत देवाकडे मरण मागू लागला. हन्ना खरे बोलत होती, तरी घर हादरले. मग जिथे खरोखर खोटे असेल तिथे काय होईल? अनपेक्षित आलेली छोटीशी वस्तूसुद्धा घरात प्रश्न घेऊन येते. त्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याने सरळ द्यावे आणि ऐकणाऱ्याने शांतपणे ऐकावे.

दुसरे धन : ठेवलेली चांदी (अध्याय ४, ५ व ९). तोबीतने पूर्वी मेदिया देशात गबाएल नावाच्या माणसाकडे दहा तालांत चांदी ठेवली होती. ती आणायला तो मुलगा तोबिया याला पाठवतो. आई हन्ना रडते. पैशावर पैसा कशाला हवा, देवाने जे जगणे दिले ते आपल्याला पुरे आहे, मुलापेक्षा चांदी मोठी नाही, असे तिचे म्हणणे आहे. तोबिया जातो. पण वाटेत त्याचे लग्न सारेशी ठरते. मग तो चांदी आणायला राफाएलला पाठवतो आणि स्वतः साऱ्याजणांबरोबर लग्नघरात राहतो. चांदी आणणे दुसऱ्याला सांगता येते, नव्या बायकोजवळ असणे दुसऱ्याला सांगता येत नाही. तरुण नवऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तिसरे धन : सासऱ्याची अर्धी मालमत्ता (८:२१ व १०:१०). सारेचा बाप रगुएल जावयाला आपली अर्धी मालमत्ता लगेच देतो आणि उरलेली अर्धी आपल्या माघारी मिळेल असे सांगतो. गुरेढोरे, मेंढरे, उंट, कपडे, पैसा. लग्न झाल्या झाल्या एवढे धन! पण क्रम पाहा. हे धन मिळण्याच्या आधी, लग्नाच्या पहिल्या रात्री, दोघे पलंगावरून उठून देवापुढे उभे राहिले होते. आम्ही वासनेपोटी एकत्र आलो नाही, आम्हांला एकमेकांसोबत म्हातारे होऊ दे, असे त्यांनी मागितले आणि सारेने त्याच्याबरोबर 'आमेन' म्हटले. दोघांचा एक शब्द आधी झाला, धन नंतर आले. म्हणून त्या धनाने त्यांचे नुकसान केले नाही. घरी पोहोचल्यावर तोबियाने बापाशी बसून सोबत्याची मजुरी ठरवली आणि आणलेल्यातील अर्धे त्याला द्यायला तो तयार झाला. तेव्हा राफाएलने सांगितले की अन्यायाच्या मोठ्या संपत्तीपेक्षा न्यायाने मिळालेले थोडे बरे, आणि सोने साठवण्यापेक्षा दानधर्म बरा (१२:८).

याच्या उलट चित्र नव्या करारात आहे. लूक १२ मधील धनवान मनुष्याचे पीक भरघोस आले. त्याने काय केले? तो स्वतःशीच बोलला. काय करू, कोठारे मोडीन, मोठी बांधीन, खाईन, पिईन. सगळ्या दाखल्यात तो बायकोला विचारत नाही, शेजाऱ्याला विचारत नाही, देवाला विचारत नाही. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो.

आणि केवळ नवरा-बायकोचे एकमत झाले म्हणजे झाले, असेही नाही. हनन्या आणि सप्पीरा (प्रेषितांची कृत्ये ५) यांचे पूर्ण एकमत होते. जमीन विकून आलेल्या पैशातील काही भाग दोघांनी मिळून लपवला आणि सगळे दिले असे दाखवले. पेत्राने त्यांना सांगितले की पैसा तुमचाच होता, प्रश्न खोटेपणाचा आहे. म्हणून दोघांचा शब्द एक असावा आणि तो खरा असावा.

जिंकल्यावर काय होते?

"हरलो तर वाईट, पण जिंकलो तर आयुष्य सुधारेल," असे तरुणांना वाटते. याविषयी एक खरी हकिकत सर्वांनी ऐकावी. बिहारमधील मोतीहारीचा सुशील कुमार हा महिना सहा हजार रुपयांवर संगणक चालवणारा तरुण. २०११ मध्ये 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमात तो पाच कोटी रुपये जिंकला. तेव्हा त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याने जुगार खेळला नव्हता. अभ्यास आणि हुशारीच्या जोरावर तो जिंकला होता. तरीही २०२० मध्ये त्याने स्वतः जाहीरपणे लिहिले की जिंकल्यानंतरचा काळ त्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळ ठरला. मदत मागणारे वाढले, फसवणारे वाढले, चुकीच्या धंद्यांत पैसा गेला, व्यसने लागली आणि पत्नीशी दुरावा वाढत गेला. चांगली माणसे आणि फसवी माणसे यांतला फरक तुम्हांला कळत नाही, असे पत्नी त्याला सांगत असे; ते त्याला पटत नसे. पुढे त्याने व्यसने सोडली, तो शिकवण्याकडे आणि झाडे लावण्याकडे वळला, आणि तेव्हा त्याला समाधान मिळाले.

दुसरी हकिकत केरळची. आपल्या चांदा धर्मप्रांताचे पहिले मिशनरी तेथूनच आले, म्हणून केरळ आपल्याला परके नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला ओणमच्या सरकारी लॉटरीत पंचवीस कोटींचे बक्षीस लागले. तिकिटाला थोडे पैसे कमी पडले म्हणून त्याने मुलाच्या गल्ल्यातून घेतले होते. काही दिवसांतच त्याने सांगितले की हे बक्षीस लागले नसते तर बरे झाले असते. दाराशी मदत मागणाऱ्यांची रीघ लागली होती आणि त्याला स्वतःच्या घरात राहता येईना.

सरकारी लॉटरीचे तिकीट काढणे म्हणजे लगेच मोठे पाप, असे आपण म्हणत नाही. केरळ सरकारने १९६७ मध्ये आणि महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये लॉटरी सुरू केली. परंतु दोन्ही हकिकतींतून एक गोष्ट स्पष्ट होते. घरातली जुनी भेग पैशाने बुजत नाही. जिथे दोघे मिळून ठरवायची सवय नाही, तिथे मोठी रक्कम ती भेग आणखी रुंद करते.

चूक झाली असेल तर

हा अंक वाचणाऱ्यांपैकी कोणी आज या अडचणीत असेल. त्याने निराश होऊ नये. संत कामिल्लुस द लेल्लिस (१५५०-१६१४) हे आज रुग्णांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते संत आहेत. तरुणपणी ते सैनिक होते आणि पक्के जुगारी होते. वडिलांनाही तोच नाद होता. १५७४ मध्ये नेपल्स शहरात ते होते नव्हते ते सर्व हरले. भीक मागत फिरल्यावर कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली आणि तेथेच १५७५ च्या फेब्रुवारीत त्यांचे परिवर्तन झाले. पुढे त्यांनी रुग्णसेवेसाठी संघ स्थापन केला. त्यांचा सण १४ जुलै रोजी येतो. देवाने त्यांना उचलले, तो तुम्हांलाही उचलेल.

मात्र पुढील गोष्टी कराव्या लागतील.

१. आधी पत्नीला सांगा. पूर्ण रक्कम सांगा, निम्मी नको. जे आज लपवाल ते उद्या सावकार दारात येऊन सांगेल.

२. प्रायश्चित्त संस्कार घ्या. लपवलेले पाप अंधारात वाढते. फादरांजवळ बोललेले बाहेर जात नाही.

३. हरलेले परत मिळवण्यासाठी आणखी एक डाव, हा विचार मनातून काढा. बहुतेक घरे त्या 'शेवटच्या' डावात बुडतात. एक कर्ज फेडायला दुसरे कर्ज, विशेषतः मोबाईलवरचे, घेऊ नका.

४. नाद सुटत नसेल तर तो आजार समजून उपचार घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचे व्यसन हा आजार मानला आहे. भारत सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते.

पत्नींसाठीही एक शब्द. क्षमा करणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे. पण क्षमा करणे म्हणजे पेटीची किल्ली पुन्हा लगेच हातात देणे नव्हे. नवरा सुधारेपर्यंत घरातील पैसा आणि दागिने तुम्ही सांभाळणे हा अविश्वास नाही; आजारी माणसाला पथ्य पाळायला लावतो तसेच ते आहे. मारहाण होत असेल तर गप्प बसून सोसणे हा पुण्यमार्ग आहे असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. फादरांना किंवा धर्मभगिनींना वेळेवर सांगा. आणि सासू-सासऱ्यांनी "तुझ्या पायगुणाने असं झालं" हे वाक्य तोंडातून काढू नये. अशा बोलण्याने मुलगा सुटत नाही आणि सून मात्र तुटते. रगुएलची पत्नी एदना हिने निरोप देताना मुलीला देवाच्या नावाने जावयाच्या हाती सोपवले आणि तिला कधी दुःखी करू नको असे त्याला सांगितले (१०:१२). तोबीतनेही सुनेला आनंदाने घरात घेतले. तसे आईवडील व्हा.

नव्या जोडप्यांसाठी पाच नियम

१. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात दोघांनी बसून आहेराचा आणि देण्याचा हिशोब एका वहीत लिहावा. ती वही दोघांना दिसेल अशी ठेवावी.

२. बँकेत किंवा पोस्टात दोघांच्या नावाने खाते उघडावे. मोबाईलवरील पैशाचा व्यवहार दोघांना माहीत असावा.

३. हंगामाची मोठी रक्कम हाती आली की लगेच खर्च करू नये. एक रविवार जाऊ द्यावा. मिस्सानंतर घरी बसून ठरवावे.

४. त्या रकमेचे वाटे करावेत : आधी देणे, मग घरखर्च आणि बियाणे, मग बचत. थोडा वाटा गरिबासाठी आणि देवमंदिरासाठी आधीच बाजूला काढावा.

५. "हे पैसे कुठून आले?" हा प्रश्न दोघांनी एकमेकांना न रागावता विचारावा आणि न रागावता त्याचे उत्तर द्यावे.

शेवटी क्रूसाखालचे ते दृश्य आठवू या. प्रभू येशू क्रूसावर प्राण सोडत होता आणि त्याच्या पायांशी बसून शिपाई त्याच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकत होते (योहान १९:२३-२४). जगाचा तारणारा हातभर अंतरावर होता, पण त्यांचे डोळे चिठ्ठ्यांवर होते. डावात बसलेल्या माणसाचे असेच होते. समोर कोण आहे ते त्याला दिसत नाही. तरुण मित्रांनो, तुमच्या समोर तुमची पत्नी आहे, उद्या तुमचे लेकरू असेल. मान वर करून त्यांच्याकडे पाहा.

घरी किंवा गटात चर्चेसाठी

१. आपल्या घरात यंदा आलेल्या सर्वांत मोठ्या रकमेचा निर्णय कोणी घेतला? दोघांनी मिळून घेतला का?

२. तोबीत आणि हन्ना यांच्या भांडणात कोणाचे काय चुकले?

३. मित्र कोंबडा बाजाराला बोलावतो तेव्हा त्याला न दुखावता नाही कसे म्हणावे?

४. आपल्या वस्तीतील एखादे घर जुगारामुळे अडचणीत असेल, तर त्याची चर्चा न करता आपण काय मदत करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, काना गावच्या लग्नात तू पाहुणा म्हणून गेलास. आमच्या सिरोंच्यातील नव्या घरांतही ये. आमच्या कष्टाच्या पैशावर तुझा आशीर्वाद असू दे. फुकटच्या पैशाच्या मोहातून आम्हांला सोडव. नवऱ्याच्या ओठांवर आणि बायकोच्या ओठांवर खरा शब्द ठेव. जे हरून, लाजून, दाराबाहेर उभे आहेत त्यांना घरात यायचे धैर्य दे आणि घरातल्यांना दार उघडायचे मन दे. पवित्र माते मरिये, संत जोसेफा, आम्हां कुटुंबांसाठी विनंती करा. आमेन.